आखाजीच्या आधी अकरा नावं

मागच्या महिन्यात एक तरुण मुलगा माझ्याकडे आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल. कॉलेजच्या मुलांसाठी नेतृत्व शिबिरं घेतो म्हणाला. नव्वदच्या दशकात मी सुरतेत, नवागामला, लूम कामगारांच्या मुलांचा वर्ग चालवत असे आणि तिथे फुकट शिकवायला येणारी पोरं पुढे चांगली निघाली, असं त्याच्या कानावर आलं होतं. तर बाई, तुम्ही नेतृत्व कसं घडवलंत ते पाच मुद्द्यांत सांगा.

मी त्याला चहा दिला आणि म्हटलं, बाबा रे, मी कुणाचंही नेतृत्व घडवलेलं नाही. ज्या एका पोरीत ते खरोखर दिसलं, तिला मीच गप्प बसवलं होतं. हे तुझ्या मुद्द्यात बसत असेल तर लिहून घे. त्याने पेनाला टोपण लावलं आणि बिस्किट घेतलं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी विचारलं तेव्हा त्यांनाही मी आधीच बजावलं, की मुद्दे नाहीत, एक गोष्ट आहे आणि तीत चूक माझी आहे. चालत असेल तर देते.

मी मूळची परभणीकडची. नवऱ्याच्या नोकरीमुळे सुरतेत आले आणि पालिकेच्या मराठी शाळेत लागले, ती निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिले. शाळेबद्दल मला फार सांगायचं नाही. तिथे मी तिसरीला शिकवलं, जनगणना केली, मतदार याद्या केल्या. माझी खरी नोकरी सकाळची शाळा सुटल्यावर सुरू व्हायची आणि तिचा पगार नव्हता.

चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये शहर रिकामं झालं तेव्हा नवागामची निम्मी वस्ती मिळेल त्या गाडीने खानदेशात आपापल्या गावी पळाली. माणसं लवकर परतली, कारण लूम कुणासाठी थांबत नाही. पण बरीच पोरं कितीतरी दिवस गावीच राहिली. परत आली तेव्हा शाळेच्या पटावरून त्यांची नावं कमी झालेली. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं. पोरं नियमाप्रमाणे रस्त्यावर आली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली आणि गणपती मंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी वर्ग सुरू केला. एकटीच्याने होणार नाही म्हणून वस्तीतल्या आणि कॉलेजातल्या सात-आठ मुलामुलींना पकडलं.

आता ज्यांनी नवागाम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. घर म्हणजे दहा बाय दहाची एक खोली. लूमवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. खोलीत बायकोपोरं, शिवाय दोन-तीन गाववाले, आणि त्यातले रातपाळीचे दिवसा झोपलेले. म्हणजे पोरांनी सकाळी बाहेर पडायचं आणि संध्याकाळीच आत यायचं. ही पोरं उनाड आहेत असं आमच्या स्टाफरूममध्ये म्हटलं जायचं. म्हणणाऱ्यांनी एकदा मे महिन्यात दुपारी त्या खोलीत बसून दाखवायला हवं होतं. आणि पोरांना भाषा येत नाही हे दुसरं पालुपद. घरी अहिराणी, गल्लीत हिंदी, दुकानात गुजराती आणि शाळेत पुस्तकी मराठी. चार भाषा पोटात घेऊन फिरणाऱ्या पोराला भाषा येत नाही, आणि एका भाषेवर जन्म काढणारे आम्ही शिक्षक.

आमच्या शिकवणाऱ्यांत किरण नावाचा मुलगा होता. बी.कॉम.ला, वक्तृत्वाचे कप घरात ठेवायला जागा नाही इतके. साहजिकच मी त्याला प्रमुख केलं. पहिल्या दिवशी त्याने उद्याच्या नागरिकांवर असं काही भाषण ठोकलं की मलाच भरून आलं. सव्वाबारा वाजले आणि उद्याचे नागरिक एक-एक करून उठून चालू लागले. किरण बोलतोय आणि समोर चटया रिकाम्या. त्याला वाटलं, हा अपमान आहे. आठ दिवस फिरकला नाही.

अपमान कसला आलाय. साडेबाराला लूमवर जेवणाची सुट्टी. बापाचा डबा पोरानेच न्यायचा, नाहीतर बाप उपाशी. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, कारण आम्ही विचारलं नाही. किरण परत आला तो गोरामोरा होऊन. मग त्यानेच शक्कल काढली. रोज सव्वाबाराला तो डबेवाल्या पोरांबरोबर चालत निघायचा आणि रस्ताभर पाढे म्हणून घ्यायचा. जाताना बेचा पाढा, येताना तीनचा. कारखान्याच्या फाटकाशी पोचेपर्यंत त्याचा घसा बसलेला असायचा. भाषणाचे कप मिळवणारा हा मुलगा त्या उन्हाळ्यात ऐकायला शिकला, आणि मला विचाराल तर त्याच्या सगळ्या कपांपेक्षा ती कमाई मोठी होती.

पण गोष्ट किरणची नाही. वंदनाची आहे.

वंदना नवागामचीच. सतरा वर्षांची, अकरावीत. बाप रामदासभाऊ लूमवर, आई घरी बसून साड्यांचे धागे कापायची. पोर इतकी गप्प की हजेरीला 'हो' म्हणतानाही ओठ हलतात की नाही शंका यावी. मी तिला मंद समजले. खोटं कशाला बोलू, तोंडावर सांगते, मंद समजले. म्हणून अगदी लहान, शेंबडी पोरं तिच्याकडे दिली. तिथे काय बिघडवणार आहे, असा माझा हिशेब.

ती पोरांना घेऊन कोपऱ्यात बसायची. ज्या पोरींना घरून साडीला खडे चिकटवायचं काम असे, त्या साडी घेऊनच यायच्या. मी त्यांना रागवायची, वंदना नाही. ती स्वतः पदराचं एक टोक मांडीवर घ्यायची, आणि खडे चिकटवता चिकटवता मोजणी, मग बेरीज, मग दहा-दहाचे गठ्ठे. साडी पुरी व्हायची आणि गणितही. कोण आज जेवून आलं नाही, कुणाच्या घरी कुणाला मारलं, कुणाची आई बाळंतपणाला जाणार, सगळं तिला ठाऊक. वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या मुलीला, अकरा वर्षांच्या ज्योतीला, बाराखडी तिनेच दिली. मला मात्र तेव्हा फक्त एवढंच दिसलं की वंदनाचा कोपरा गोंगाट करत नाही.

उन्हाळ्याच्या तोंडावर अकरा पोरं तयार झाली. मी आमच्या आचार्यांकडे गेले. गुजरातेत मुख्याध्यापकांना आचार्य म्हणतात. हे आमचे आचार्य माणूस वाईट नव्हते, पण कागदाच्या बाहेर त्यांचं पाऊल पडत नसे. बरेच दिवस पाठपुरावा केल्यावर ते म्हणाले, पोरांची चाचणी घेऊ, जमलं तर जूनमध्ये नावं पटावर घेऊ. तारीख तुम्हीच सांगा.

मी कॅलेंडर पाहिलं. मे महिन्यात अक्षय्य तृतीया, म्हणजे खानदेशी माणसांची आखाजी. आमच्या परभणीकडे त्या दिवशी पितरांची घागर भरतात, पुरणाचं जेवतात आणि दुसऱ्या दिवशी कामाला लागतात. मी मोठ्या मनाने सणानंतर तीन दिवस सोडून तारीख दिली. आचार्यांनी लगेच पत्र काढलं, सही-शिक्का केला. मी शेडमध्ये येऊन ते वाचून दाखवलं. किरणने टाळ्या वाजवायला लावल्या. तेवढ्यात कोपऱ्यातून वंदनाचा आवाज आला, "बाई, पण आखाजी..."

"माहितीये गं मला," मी म्हटलं, "म्हणून तर तीन दिवस पुढे घेतली."

सगळे हसले. ती खाली बसली.

पुढच्या आठवड्यांत एक-एक आई येऊन सांगू लागली की आम्ही गावी चाललोय. मी तारीख दाखवायची, त्या मान हलवायच्या. शेवटी मी पालकांची बैठक बोलावली. आमच्या भागात गुरुवारी वीज बंद म्हणून लूम बंद, तोच काय तो बापांचा घरी असण्याचा दिवस. चाळीसेक माणसं शेडमध्ये दाटीवाटीने बसली. त्यांनी एका सुरात सांगितलं, रविवारच्या भुसावळ पॅसेंजरने सगळी आळी निघणार. म्हणजे चाचणीच्या दिवशी इथे चिटपाखरू नसणार.

मग माझा तोल गेला. पोरांच्या शिक्षणापेक्षा तुम्हाला आखाजीचे झोके आणि सांजोऱ्या महत्त्वाच्या का, मी तुमच्या पोरांसाठी उन्हातान्हात हाडं झिजवतेय आणि तुम्हाला चार दिवस थांबवत नाही, असं बरंच काही मी त्या माणसांना सुनावलं. बाईंना उलट बोलायची त्यांची रीत नव्हती.

वंदना उठून उभी राहिली. तिचा बाप पुढच्याच रांगेत बसलेला.

"बाई, त्यांच्यावर रागवू नका. तारीख तुमची चुकली."

मी विचारलं, म्हणजे काय?

तिने सगळं सांगितलं. खानदेशात आखाजी एका दिवसाची नसते. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, गौराई बसते, झोके बांधतात, वर्षभर सुरतेत राबणारी माणसं त्यासाठीच गावी जातात. आणि गावातली वर्षाची कामंही आखाजीलाच ठरतात. कुणाकडे कोण सालदार राहणार, कोण गुरं वळणार, सगळं त्या दोन-चार दिवसांत.

"परत येताना सगळी पोरं परत येत नाहीत, बाई. सुरतेच्या खोलीत जागा नसते. ज्याचं नाव शाळेत आहे तेवढंच येतं. बाकीची काकाकडे गुरांमागे, नाहीतर आजीकडे लहानं सांभाळायला. तुमची तारीख येईपर्यंत ह्यांचं ठरून गेलेलं असेल."

मी म्हटलं, मग तू तेव्हाच का नाही बोललीस?

"बोलले होते. तुम्ही 'माहितीये' म्हणालात."

माझं तोंड त्या वेळी बघण्यासारखं झालं असणार. इतकी वर्षं खानदेशी पोरांना शिकवत होते आणि त्यांचा वर्षाचा सगळ्यात मोठा सण मी परभणीच्या कॅलेंडरवर मोजला होता. मला राग आला, लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर राग आधी आला.

लोक पांगल्यावर मी वंदनाला म्हटलं, आता काही उपयोग नाही. पत्र निघालंय, आचार्य तारीख बदलायचे नाहीत, आणि मी पुन्हा गेले तर माझी बदली शहराच्या दुसऱ्या टोकाला करतील. हे शेवटचं मी हळूच म्हटलं. मी घाबरले होते. जिला सगळी शाळा तिखट बाई म्हणून ओळखायची ती मी, एका बदलीला घाबरले होते.

"तुम्ही नकाच येऊ," वंदना म्हणाली. "तुमची नोकरी आहे. माझी नाहीये."

शनिवारी सकाळी मी तिसरीच्या वर्गात फळ्यावर लिहीत होते. खिडकीतून पाहते तर मैदानातून एक रांग येतेय. पुढे वंदना, मागे अकरा पोरं, प्रत्येकाने पुढच्याचा सदरा धरलेला. केसांना तेल चोपडलेलं, हातात पाट्या. रेल्वेचं फाटक ओलांडून, नवागामपासून शाळेपर्यंत उन्हात चालत आणलेली. रांग थेट आचार्यांच्या खोलीसमोरच्या ओट्यावर जाऊन बसली.

पुढचं निम्मं मी व्हरांड्यातून ऐकलं आणि निम्मं शिपायाने सांगितलं. आचार्यांनी विचारलं, तू कोण? ही म्हणाली, मी ह्यांची बाई. सतराव्या वर्षी! आचार्य म्हणाले, तारीख दिलेली आहे, तारखेला या. हिने पोरं गावी जाणार, नाव नसेल तर तिथेच राहणार, हे सगळं पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, बरं, मग जूनमध्ये आली की बघू.

"जूनमध्ये घ्याल असं लिहून द्या, साहेब. अकराही नावं लिहा. गाडीत बसायच्या आधी मी घरोघरी वाचून दाखवते."

चाचणीशिवाय कसं लिहून देणार, असं ते म्हणाले. मग आत्ता घ्या चाचणी, ही म्हणाली, पोरं बाहेर बसलीत.

आचार्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी आत गेले. त्यांनी विचारलं, बाई, ही पलटण तुम्ही धाडली का?

मी वंदनाकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघतही नव्हती. माझ्या भरवशावर ती आलेलीच नव्हती. तेव्हा मला जरा धीर आला.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मी धाडली असती तर चुकीच्या तारखेलाच आली असती. तारीख चुकली ती माझी. आता आलीच आहेत तर पेपर मी फळ्यावर लिहिते, तुम्ही बसून तपासा."

त्यांनी चष्मा पुसला. मग उठले आणि स्वतः जाऊन ओट्यावर पोरांसमोर बसले. वाचून घेतलं, लिहून घेतलं, हिशेब घातले. ज्योतीने बेरीज करताना पाटीवर दहा-दहाचे ठिपके मांडले, तर त्यांनी विचारलं हे काय. ती म्हणाली, खडे. अकराच्या अकरा नावं त्यांनी आपल्या हाताने कागदावर घेतली. जून महिन्यात शाळा उघडेल त्या दिवशी जो हजर नसेल त्याचं नाव कापणार, असा दमही दिला. वंदना म्हणाली, हेही लिहा, म्हणजे घरच्यांना कळेल. त्यांनी लिहिलं आणि शिक्का मारला. तिने त्या रात्री त्या एका कागदाच्या अकरा नकला केल्या, आणि रविवारी प्रत्येक पोर आपल्या नावाची घडी खिशात घेऊन गाडीत बसलं.

लोक मला अजून विचारतात, तुमच्या त्या पोरांपैकी किती डॉक्टर-इंजिनिअर झाले. नाही झाले. आणि शिकवणाऱ्यांपैकी कुणी आमदार-नगरसेवक? नाही झालं. वंदना आज सुरतेतल्याच पांडेसऱ्यात, कापड रंगवणाऱ्या डाइंग मिलमध्ये जाणाऱ्या बायकांच्या मुलांसाठी पाळणाघर चालवते. जागा मिलमालकाकडून घेतली आहे, अर्थातच लेखी. मिलमधल्या बायका भांडणं घेऊन तिच्याकडे जातात, पोलीस चौकीत तिला खुर्ची मिळते. हे ज्यांना नेतृत्व वाटत नाही त्यांनी त्या इस्त्रीवाल्या मुलाच्या शिबिरात नाव घालावं. शेंबडी पोरं सांभाळल्याने तरुण मुलांचा वेळ फुकट जातो म्हणणारे मला जन्मभर भेटले. मी म्हणते, एकदा द्या त्यांच्या ताब्यात दहा पोरं, ज्यांना तुमच्या पदाशी, कपाशी, मार्कांशी काही देणंघेणं नाही. कंटाळा आला की ती उठून जातात. तिथे जो टिकतो त्याला दुसऱ्याचं बघायची सवय लागते, आणि त्या दुसऱ्यासाठी तोंड उघडायची वेळ आली की तो माझ्यासारख्या बाईलाही सोडत नाही.

त्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी घंटेच्या आधीच फाटकात उभी होते. दहा आले. घामाने भिजून लगदा झालेल्या घड्या त्यांनी खिशातून काढून दाखवल्या. ज्योती आली नाही. तिची आजी आजारी पडली आणि घरात लहानं होती, तेव्हा पोर ठेवून घेतली. आचार्यांनी आठवडाभर नाव कापलं नाही, मग कापलं. पत्र वाचलं त्याच दिवशी मी वंदनाचं वाक्य पुरं होऊ दिलं असतं तर हाताशी महिना होता, लहानांची दुसरी सोय लावायला ती त्या आजीपर्यंत पोचली असती. पोचलीच असती. हे मला अजून खुपतं आणि खुपायलाच हवं.

वंदनाही त्या दिवशी दिसली नाही. संध्याकाळी तिचा बाप माझ्या दारात उभा. आयुष्यभर लूमच्या खडखडाटात काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, त्यामुळे माझ्या सगळ्या शेजाऱ्यांनी ते ऐकलं.

"बाई, पोर गैरी बोलाले लागनी."

फार बोलायला लागली म्हणे. आखाजीला गावी शिरपूरकडचे पाहुणे तिला बघायला आले होते. स्वयंपाक येतो का, गौराईची गाणी येतात का, सगळं विचारून झालं. मग हिने विचारलं, बारावी पुरी करू द्याल का आणि वर्गात शिकवू द्याल का. मुलाचा काका म्हणाला, का नाही, अगदी आनंदाने. तर ही भर बैठकीत म्हणाली, मग तसं लिहून द्या. पाहुणे आमरसाला न थांबता उठून गेले. गावभर झालं. आता पोर खोलीतच बसून आहे, मी बोलत नाही तिच्याशी, रामदासभाऊ म्हणाले. तुम्हीच बिघडवली तिला.

समोरची गुजराती शेजारीण जिन्यात येऊन उभी राहिली होती. मी आणखी मोठ्याने बोलले.

"हो रामदासभाऊ, बिघडवली. पण मी एकटीने नाही, तुमच्याच आळीतल्या अकरा पोरांनी. आणि त्यांतली दहा आज शाळेत बसली होती, ती तिने तोंड उघडलं म्हणून."

रामदासभाऊंच्या पुतण्याचं नाव त्या दहांत होतं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग, त्यांच्याच्याने होईल तितक्या हळू आवाजात त्यांनी विचारलं, बारावीचा फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती?

तारीख मला पाठ होती. पण म्हटलं, "ते मला नका विचारू. घरी जा आणि वंदनाला विचारा."